घराचे बहिरंग

घर बांधावयास निघालेला मनुष्य पायाची खोली, विटांची भाजणी, सिमेंटचा भाव आणि सुताराची मजुरी यांविषयी महिनोन्महिने विचार करतो, चार जाणत्यांची मसलत घेतो, प्रसंगी मक्तेदाराशी हुज्जतही घालतो. परंतु बाहेरच्या भिंतींना रंग कोणता द्यावा हा प्रश्न त्याच्यापुढे येतो तो बहुधा अगदी शेवटी, जवळची रक्कम संपत आलेली असताना, वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला असताना आणि शेड कार्ड घेऊन दारात उभा राहिलेला पेंटर ‘आजच्या आज काय ते सांगा, म्हणजे डबे आणतो’ असा तगादा लावीत असताना. मग रात्री जेवणानंतर, ट्यूबलाइटच्या उजेडात, बोटाच्या पेराएवढ्या चौकोनांवरून नजर फिरवून कुटुंबातील सर्वांत ठाम बोलणारी व्यक्ती जो निर्णय देते, तो पुढची सहासात वर्षे त्या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला पाहावा लागतो. आतल्या खोल्यांचे रंग हा ज्याच्या त्याच्या घरचा खाजगी कारभार आहे. बाहेरचा रंग मात्र निम्मा गावाच्या मालकीचा असतो, आणि त्यातली विसंगती अशी की ज्याने त्याचे पैसे मोजले, तो घराच्या आत बसत असल्यामुळे त्यालाच तो सर्वांत कमी दिसतो.

या विषयावर सल्ला मागावयास गेले की कोणता रंग कोणत्या रंगाला शोभतो याची जोडपी सांगितली जातात: राखाडीशी पांढरा, बदामीशी तपकिरी, आकाशीशी मोतिया. ही जोडपी कागदावर खोटी नसतात. परंतु प्रत्यक्ष घराच्या डोक्यावर कौले किंवा गच्चीचा कठडा असतो, पायाशी दगडी जोते असते, पुढे अंगणाची माती, बाजूला गडगा, मागे डोंगर किंवा शेजाऱ्याची इमारत असते, आणि या सर्वांचे रंग आपल्या अनुमतीवाचून केव्हाच ठरून गेलेले असतात. म्हणून रंग निवडण्यापूर्वी, ज्यांना आपण रंग देणार नाही किंवा देऊ शकत नाही अशा दर्शनी वस्तूंची एक फेरिस्त करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भिंतीच्या रंगाचा अर्धाअधिक निकाल त्या फेरिस्तीतच लागून गेलेला आढळतो.

आपल्याकडील जुन्या घरांचे रंग डोळ्यांना निवांत वाटतात याचे श्रेय पूर्वजांच्या सौंदर्यदृष्टीस देण्याची प्रथा आहे. मला त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते. त्या पूर्वजांना निवडीची मोकळीक फारशी नव्हतीच, आणि जी होती तिच्या सीमा त्यांच्या पायाखालच्या जमिनीने आखून दिल्या होत्या. कोकणातले घर घ्या. भिंती जांभ्याच्या, जांभा तांबडा, कारण त्यात लोह भरपूर. अंगणाची माती तांबडी, कारण ती त्याच जांभ्याची झीज. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलेली मंगळुरी कौले तांबडी, कारण त्या चिकणमातीतील लोह भट्टीत भाजले गेलेले. भिंतीला सारवायचा गेरू म्हणजे गंजलेल्या लोहाची भुकटी, आणि पिवडी किंवा रामरज म्हणून जी पिवळी माती मिळते तीही पाण्याचा अंश धरून बसलेले लोहच. ही पिवळी माती चांगली तापवली की तिच्यातले पाणी उडून ती तांबडी होते, इतके त्या दोघींचे नाते जवळचे. तात्पर्य, कोकणच्या कौलारू घरात जोत्यापासून कौलापर्यंत जे रंग दिसतात ते एकाच धातूचे वेगवेगळे अवतार आहेत, आणि म्हणूनच ते परस्परांशी भांडत नाहीत. घाटावर आलो की जमीन काळी, दगड काळा, आणि वाड्याचे घडीव जोतेही त्याच काळ्या दगडाचे. त्याच्यावर चुन्याची पांढरी भिंत आणि सागवानाचा तपकिरी दरवाजा, एवढ्या तीनच रंगांत देशावरचा वाडा आपला रुबाब सांभाळीत असे.

दुसरी मर्यादा चुन्याची होती, आणि ती तर रसायनशास्त्राचीच. चुनखडी भाजून चुनकळी करावयाची, ती पाण्यात विरवावयाची, तो विरलेला चुना गाळून भिंतीला दोन-तीन हात द्यावयाचे, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्या पातळ थराचा पुन्हा दगड होतो, ही सफेदीची सारी किमया. परंतु ओला चुना हा अल्कधर्मी पदार्थ मोठा दाहक असतो आणि त्यात मिसळलेला वाटेल तो रंग तो टिकू देत नाही. प्रशियन निळा म्हणून प्रसिद्ध असलेला सुंदर रंग चुन्यात घातला तर त्याचा गंजासारखा तपकिरी चिखल होतो. कपड्यांना घालण्याची जुन्या पद्धतीची नीळपूड, म्हणजे अल्ट्रामरीन, मात्र चुन्याच्या पोटात सुखरूप राहते. गेरू राहतो, पिवडी राहते, काजळी राहते, हिरवी माती राहते. मोरचुदाची चिमूट टाकली तर किंचित हिरवट निळा रंग येतो आणि शिवाय बुरशीला आळा बसतो. चुना आणि मोरचूद यांचेच बोर्डो मिश्रण करून सुपारीचे बागायतदार कोळेरोगावर फवारतात, तेव्हा भिंतीचे आणि झाडाचे औषध एकच. चुन्याच्या या परीक्षेत उतरलेले रंग सगळे खनिज आणि थोडे मंद. या मूठभर रंगांतून कोणतेही दोन घेतले तरी फारशी चूक होण्याचा संभव नसे. लोहमातीच्या टिकाऊपणाबद्दल तर साक्षीदार शोधावयास नको: अजिंठ्याच्या लेण्यांतील तांबडे आणि पिवळे रंग याच मातीचे आहेत, आणि त्यांना ऊनपावसाचा थेट मारा सोसावा लागला नाही ही सवलत जमेस धरूनही त्यांचे वय विसरून चालणार नाही.

गोव्यात या थोड्याशा सामग्रीतून केवढे वैभव निर्माण झाले ते पणजीच्या फोंताइनास वस्तीत पायी हिंडल्याशिवाय कळत नाही. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला होता आणि रहिवासी घरांनी दुसरा रंग लावावा असा दंडक होता, असे तेथे सांगतात. दंडक लेखी असो वा रूढीचा, परिणाम समोर दिसतो. एक घर पिवडीचे, लगतचे गेरूचे, पलीकडचे गडद निळीचे. परंतु प्रत्येकाच्या खिडक्यांभोवती, कोपऱ्यांवर आणि छताखालच्या गलथ्यावर पांढरी किनार, आणि त्या सर्वांच्या मध्ये सेंट सेबॅस्टियनचे छोटे चॅपेल नखशिखांत पांढरे. ही पांढरी किनार केवळ हौसेची नाही. गडद भिंतीत बसवलेली खिडकी दुरून नुसते काळे भोक दिसते. भोवती वीतभर पांढरा पट्टा आला की तिला आकार मिळतो, आणि शेजारशेजारची तीन भिन्न रंगांची घरे त्या समान किनारीमुळे एका कुटुंबातील वाटतात. जयपूरचे उदाहरण सर्वतोमुखी आहे. 1876 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीप्रीत्यर्थ महाराजा सवाई रामसिंह यांनी शहर रंगवून घेतले; ज्याला आपण गुलाबी म्हणतो तो रंग खरे पाहता गेरूच्या कुळातला आहे. दोन्हीकडे प्रत्येक घरमालकाची मुखत्यारी थोडी कमी केली गेली आणि शहराचे रूप त्यामुळे सुधारले, ही गोष्ट स्वातंत्र्यप्रेमी वाचकांना रुचणार नाही. मलाही ती पूर्णपणे रुचत नाही, पण फोंताइनासमधून परतताना तिचे खंडनही करवत नाही.

विसाव्या शतकाने या सर्व मर्यादा उठवल्या. पहिल्या महायुद्धानंतर टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला. तो ज्या इल्मेनाइट खनिजापासून काढतात त्याची काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पसरलेली आहे, आणि इतका शुभ्र रंग इतक्या काळ्या वाळूतून निघावा याचे रसायनशास्त्राबाहेरच्या माणसाला नवल वाटल्याशिवाय राहत नाही. 1930 नंतरच्या दशकात थॅलोसायनिन नावाचे तेजस्वी निळे आणि हिरवे रंग आले. मुंबईत 1942 साली एशियन पेंट्स निघाली, आणि 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी काढलेला, हाती रंगाचा डबा घेतलेला गट्टू घरोघर पोहोचला. चुन्याची जागा सिमेंट पेंटने आणि पुढे अ‍ॅक्रिलिक इमल्शनने घेतली. आता तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानातही यंत्राच्या कळा दाबून हजारांनी छटा तयार करून मिळतात. जो निर्णय पूर्वी जमीन आणि चुना मिळून घेत असत तो एकाएकी गृहस्थाच्या डोक्यावर येऊन पडला, आणि त्याला तो घेण्याचे शिक्षण मात्र कोणी दिले नाही. पोपटी भिंत, जांभळे खांब, केशरी कठडा आणि भोवती स्टीलचा चकचकाट अशी जी घरे अलीकडे खेडोपाडी उठलेली दिसतात त्यांना हसणे सोपे आहे. परंतु ज्याच्या तीन पिढ्यांनी गेरू आणि चुना यांपलीकडे काही पाहिले नाही, त्याच्या हाती अकस्मात सारा खजिना आल्यावर त्याने हात आखडता घ्यावा ही अपेक्षाही थोडी निष्ठुरच म्हणावी लागेल.

शेजारच्या रंगाने रंग कसा बदलतो, हे मी कुडाळजवळच्या एका घरी फार जवळून पाहिले. मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एका स्नेह्यांनी, भाऊंनी, वडिलोपार्जित घराची दुरुस्ती काढली होती: उघड्या जांभ्याचे कमरेएवढे जोते, वर चुन्याचा गिलावा, मंगळुरी कौले आणि उजव्या अंगाला आंब्याचा मोठा वृक्ष. त्यांच्या मनात शहरी थाटाचा राखाडी रंग भरला होता, सूनबाईंना लिंबासारखा पिवळा हवा होता, आणि पेंटरचे म्हणणे पिवडी घातलेल्या चुन्याचे. तेव्हा तिन्हींचे हातभर चौकोन पायऱ्यांच्या बाजूला, जोत्याला लागूनच, मारून पाहावयाचे ठरले. चुन्याचा चौकोन ओला असताना इतका मातकट दिसत होता की सूनबाईंनी तोंड फिरवले. पेंटर डबलीतली काडी काढून शांतपणे म्हणाला, “भाऊनू, चुनो ओलो आसा तवसर काय बोलू नकात. सुकांदे, मगे बघा.” तासाभराने तो उजळू लागला आणि दुपारपर्यंत ताज्या साजूक तुपाच्या रंगावर आला. लिंबाचा पिवळा आंब्याच्या पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात हिरवा पडला. परंतु खरी गंमत झाली ती राखाडीची: जांभ्याच्या कडेला तो स्पष्ट शेवाळी दिसू लागला, जणू भिंतीला एका पावसाळ्याची ओल आधीच लागली होती. भाऊंनी पेंटरवर डबा बदलल्याचा आळ घेतला. त्याने काही न बोलता त्याच डब्यातला एक हात फळीच्या तुकड्यावर मारून ती फळी विहिरीच्या सिमेंटच्या कठड्यावर नेऊन ठेवली, आणि तेथे तो रंग शेड कार्डावर होता तसाच्या तसा निखळ राखाडी होता.

हाच आळ दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये घेतला गेला होता. तेथील गोबलँ या राजाश्रयी, चित्रमय पडदे विणणाऱ्या कारखान्याच्या रंगशाळेवर 1824 साली मिशेल शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली, आणि त्याच्याकडे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावल्यांसाठी रंगवलेला काळा धागा पुरेसा काळा नाही. शेव्हरलने धाग्यांची तपासणी केली, त्यांत दोष सापडला नाही. दोष शेजाराचा होता. डोळा दोन लगतच्या रंगांतील भेद वाढवून पाहतो, आणि प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो, हा नियम त्याने 1839 साली एका मोठ्या ग्रंथात मांडला. तांबड्याची विरुद्ध झाक हिरवी. म्हणून जांभ्याजवळचा राखाडी शेवाळतो, विटकरी गडग्यालगतचा निर्भेळ पांढरा थंड आणि हिरवट भासतो, आणि तोच पांढरा थोडी पिवडी टाकून उबदार केला की स्वच्छ पांढरा दिसू लागतो. उलट देशावरच्या काळ्या दगडाच्या जोत्याला राखाडी भिंत चालते, कारण तेथे भांडण लावणारा तांबडा शेजारी नाही. ज्या घरासाठी रंग निवडावयाचा त्याच्याच दगडाशेजारी, त्याच्याच कौलाखाली नमुना मारून पाहावा, या जुन्या पेंटरांच्या आग्रहामागे एवढे शास्त्र आहे.

छटा कोणती याहून ती किती उजळ किंवा गडद, हा प्रश्न घराच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. अमेरिकेतील चित्रकलेचे अध्यापक अल्बर्ट मन्सेल यांनी 1905 साली प्रत्येक रंगाचे छटा, उजळपणा आणि तीव्रता असे तीन गुण वेगळे काढून दाखवले. त्यांतील उजळपणाचे अंतर राखले तर विजोड छटाही एकत्र नांदतात, आणि ते न राखले तर एकमेकांस शोभणाऱ्या छटांचाही एकच लगदा होतो. याची परीक्षा आता कोणालाही करता येते: मोबाइलवर घराचे चित्र घेऊन त्यातील रंग काढून टाकावेत, आणि उरलेल्या काळ्यापांढऱ्या चित्रात भिंत, खिडकीची चौकट आणि जोते वेगवेगळी ओळखू येतात की नाही ते पाहावे.

उजळपणाचा संबंध उष्णतेशीही आहे. ताजा पांढरा रंग अंगावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे चार-पंचमांश भाग परत पाठवतो, तर गडद तपकिरी किंवा काळपट निळा जेमतेम दहावा हिस्सा परतवतो आणि बाकीचा भिंतीत जिरवतो. कोकणात झाडांच्या सावलीतल्या घराला याची फारशी झळ लागत नाही. परंतु नागपूर-चंद्रपूरकडे, जेथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेथे पश्चिमेची भिंत गडद रंगवणे म्हणजे दुपारी जिरवलेले ऊन रात्री झोपायच्या खोलीत सोडून देण्याची तजवीज करणे होय. शिवाय गडद भिंत दिवसा अधिक तापते, रात्री अधिक आकसते आणि गिलाव्याला बारीक चिरा पडू लागतात. भडक पिवळे आणि तांबडे रंग आणखी एका कारणाने महाग पडतात: त्यांची झाकण्याची ताकद कमी, म्हणून दोन हातांचे काम चार हातांवर जाते, आणि खनिज नसलेल्या जातीचे असले तर दक्षिणेच्या व पश्चिमेच्या भिंतीवर ते आधी विटतात. मग एकाच घराच्या चार बाजू चार वयांच्या दिसतात.

पावसाचा हिशेब याच्या नेमका उलटा. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीला वर्षातून जे काय माध्यान्हीचे ऊन मिळावयाचे ते बहुतांशी ढगाळ दिवसांत वाया जाते, आणि ती भिंत दिवाळीपर्यंत ओल धरून बसते. शेवाळाचे काळे ओघळ तिच्यावर प्रथम उतरतात. अशा प्रदेशात झगझगीत पांढरा रंग लावणे म्हणजे दरवर्षी रंगवण्याची शपथ घेणे. गोवेकर ती शपथ पावसाळा संपताच इमानाने पाळीत असत, पण त्यांचा चुना स्वस्त होता. जोत्यालगतच्या दीडदोन फुटांवर पागोळ्यांचे पाणी आपटून तांबड्या मातीचे शिंतोडे उडतात, म्हणून आपल्या जुन्या घरांना तेवढाच पट्टा गेरूचा किंवा डांबराचा असे; आज तो पट्टा गावठी समजून गाळला जातो आणि पहिल्याच पावसात निसर्ग तो आपल्या हाताने, वेड्यावाकड्या रेघेत, काढून देतो. समुद्रकाठी खिडक्यांच्या गजांना पांढरा रंग देऊ नये. गंजाचे तपकिरी ओघळ येणारच आहेत, तर गजांचा रंग आधीच त्यांच्याशी सलोखा करणारा असावा.

किती रंग वापरावेत याविषयी अलीकडे साठ, तीस आणि दहा असा एक हिशेब सांगितला जातो: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम, दहा टक्के उठावाचा. हिशेब वाईट नाही, पण इमारतीचा बांधा न पाहता तो लागू केला तर तीस टक्के भरून काढण्यासाठी लोक सपाट भिंतीवर उगाच तिरके पट्टे ओढतात. भिंतीला एक रंग, चौकटी, छज्जे आणि कठडे यांना एक, आणि दाराला मन मानेल तो एक, एवढ्यात साध्या घराचे भागते. दाराच्या बाबतीत मी कोणाचाही हात धरणार नाही, मोरपंखी म्हणा की डाळिंबी, कारण ते लहान असते आणि पाहुणा तेथेच उभा राहतो. रंग बदलावयाचा तो भिंतींच्या आतल्या कोनात, जेथे बांधकामच वळते. बाहेर आलेल्या कोपऱ्याच्या धारेवर दोन रंग भेटवले की भिंत पुठ्ठ्याची वाटू लागते. सांडपाण्याच्या नळांना भिंतीचाच रंग द्यावा. त्यांना वेगळ्या रंगाने सजवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या घराकडे पाहताना नळाशिवाय दुसरे काही दिसत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांची गोष्ट निराळी. तेथे रंगाचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येतो. पहिल्या मजल्यावरून अबोलीची सूचना येते, तिसऱ्यावरून शेवाळीची, कोणी वास्तुशास्त्राचा आधार घेऊन ईशान्येच्या भिंतीबद्दल हरकत नोंदवतो, सभा एकदा तहकूब होते, आणि शेवटी ज्याला कोणाचाही विरोध नाही असा बिस्किटी रंग बहुमताने मंजूर होतो. या बिस्किटी रंगाची टिंगल करण्याची मला इच्छा नाही. धूळ आणि धूर यांच्या मधोमध उभ्या असलेल्या सात मजली इमारतीवर तो तीन वर्षांनीही बराचसा बिस्किटीच राहतो, हा गुण लहान नव्हे. महामार्गांच्या कडेला मात्र एक नवा प्रकार बोकाळला आहे: कंपन्या आपल्या जाहिरातीच्या मोबदल्यात अख्खे घर आपल्या रंगात फुकट रंगवून देतात. गरजू कुटुंबाने ती दरखास्त स्वीकारली तर त्याला दोष कसा द्यावा? पण मैलोन्मैल एकाच भडक निळ्या-पिवळ्यात न्हालेली घरे पाहून गाव कोणते आणि गोदाम कोणते हे कळेनासे होते.

रंगाआधी भिंतीची प्रकृती पाहावी लागते, ही बाब छटेच्या मोहात विसरली जाते. चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात आणि हवेत सोडतात. त्यांच्यावर इमल्शनचा पातळ पापुद्रा चढवला की ओलीची वाट बंद होते, आणि दोन पावसांत फुगे, मग पोपडे. कुडाळच्या भाऊंच्या घरी पिवडीचा चुना जिंकला त्याचे हेही एक कारण होते, जरी सूनबाईंची संमती त्याने सुकल्यानंतरच्या रूपावर मिळवली. सिमेंटचा नवा गिलावा किमान 28 दिवस मुरू द्यावा. तो पूर्ण वाळण्याआधी रंग लावला तर आतले क्षार पांढऱ्या बुरशीसारखे फुटून वर येतात आणि कितीही भारी डबा आणला तरी ते झाकले जात नाहीत. दसऱ्याला हात घालून दिवाळीपूर्वी रंगकाम उरकण्याचा आपला दस्तूर सणाच्या दृष्टीने रास्त आहे, भिंतीच्या दृष्टीने नाही. तेव्हा ती पावसाने नुकतीच भिजलेली असते. जानेवारी ते मार्च हे महिने त्याहून किती तरी सोयीचे, आणि पेंटरही तेव्हा भाव करावयास तयार असतो.

नमुना मारावयाचा तो तीन फूट लांब, तीन फूट रुंद, दोन हातांचा, आणि एका भिंतीवर न मारता एक उन्हाच्या आणि एक सावलीच्या अशा दोन भिंतींवर. सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला, रस्त्याच्या पलीकडून पाहावयाचा. उघड्या उजेडात मोठ्या भिंतीवर कोणताही रंग शेड कार्डावरच्यापेक्षा उजळ आणि भडक दिसतो, म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी मातकट छटा मागवलेली बरी. काम उरकले की छटेचा क्रमांक, डब्यावरचा बॅच नंबर, कोणत्या भिंतीला किती हात बसले आणि चुन्याचे काम असल्यास पाटीमागे पिवडी किती घातली हे एका कागदावर पेंटरकडूनच लिहवून घ्यावे, उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवावा, आणि तो कागद मात्र माळ्यावर न टाकता सातबाराच्या उताऱ्याबरोबर, घरपट्टीच्या पावत्यांच्या बासनात बांधून ठेवावा.